व्याह्यांना घेऊन मुलुंड ते वर्सोवा

रविवारी सकाळी सात चाळीसला आम्ही मुलुंडहून निघालो. ठरलं होतं साडेसातला. दहा मिनिटांचा उशीर एमिलियोंमुळे झाला. खाली उतरल्यावर त्यांनी वॉचमनला, पहिल्या मजल्यावरच्या आजींना आणि दूध टाकणाऱ्याला एकेक करून हात मिळवत "बुएनोस दीआस" (सुप्रभात) म्हटलं आणि प्रत्येकाचं नाव विचारलं. मी या इमारतीत एकवीस वर्षं राहतो. दूध टाकणाऱ्याचं नाव मला त्या दिवशी कळलं.

एमिलियो माझे व्याही. माझी एकुलती एक मुलगी रुजुता पाच वर्षांपूर्वी शिकायला स्पेनला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि गेल्या वर्षी तिने त्यांच्या मुलाशी, इग्नासिओशी, लग्न केलं. समुद्रकाठच्या एका लहानशा बंदरात त्यांचं घर आहे. एमिलियोंनी चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली. आता ते सदुसष्ट वर्षांचे आहेत. मी त्रेपन्न वर्षांचा, औषधांच्या कारखान्यात वजनमापं तपासतो. रुजुताला आता पाचवा महिना संपत आला होता, आणि तिचे सासरे एकटेच दहा दिवसांसाठी आमच्याकडे आले होते. सून कुठल्या गावची आहे ते बघायचंय, एवढंच त्यांनी कळवलं होतं.

मला त्यांचा हेवा वाटायचा, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. रुजुता फोनवर बोलायला लागली की "एमिलियो म्हणतो" हे शब्द यायचेच. एकदा वीस मिनिटांच्या फोनमध्ये मी मोजले, चौदा वेळा. सासऱ्याला नावाने हाक मारतात याबद्दल माझी तक्रार नाही, तिथली पद्धत आहे. पण एमिलियोने तिला गाडी शिकवली. एमिलियोने तिला खोल पाण्यात पोहायला शिकवलं. मी तिला इथे स्कूटीसुद्धा घेऊन दिली नव्हती. रहदारीचं माझं कारण बरोबर होतं, अजूनही बरोबर वाटतं. तरीही फोन ठेवल्यावर माझं जेवणात लक्ष लागत नसे.

लग्नाला आम्ही सहा दिवस तिकडे होतो. त्या सहा दिवसांत व्याह्यांशी मला एक अक्षर बोलता आलं नाही. म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी बोरिवलीला स्पॅनिशच्या क्लासला नाव घातलं. दर शनिवारी मुलुंडहून बसने सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. बत्तीस तास झाले, म्हणजे बत्तीस वर्ग, दोन चुकले. शिकवणाऱ्या बाई रुजुतापेक्षा दोन वर्षांनी लहान. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "काका, बाकीचे लोक रस्ता विचारायला शिकतात, जेवण मागवायला शिकतात. तुम्ही आपले 'करायलाच पाहिजे', 'करावंच लागेल' यातनं बाहेरच येत नाही."

"मला तेच लागणार आहे," मी म्हटलं.

कारण असं, की पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला पाहिजे. माझ्या बहिणीचं झालं, बायकोचं झालं. मी घरापासून चालत नऊ मिनिटांवरचं हॉस्पिटल बघून ठेवलं होतं. सातवा महिना सरत आला की विमान कंपन्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मागायला लागतात, म्हणजे फार तर सहा-सात आठवडे हातात होते. फोनवर विषय काढला की रुजुता म्हणायची, "बघू ना बाबा." बघू म्हणजे काय, ते ती सांगत नव्हती. मग मी ठरवलं, सासऱ्यांनाच सांगायचं, तेही त्यांच्या भाषेत.

त्या भाषेत सक्तीचे तीन रस्ते आहेत. 'तेनेर के' म्हणजे अमक्याला करावं लागतं. यात माणसाचं नाव येतं. 'आय के' म्हणजे करावं लागतं बुवा. कुणी, ते सांगायचं नाही. आणि 'देबेर' म्हणजे कर्तव्य आहे. हे जरा अंगावर येतं. आपल्या 'जावं लागेल', 'जायला पाहिजे', 'जाणं भाग आहे' यांच्यासारखंच. मी तिन्ही वापरून अकरा वाक्यं तयार केली होती आणि ती पाठ होती.

अडचण एकच होती. मी पडलो मुलीचा बाप. व्याह्यांना नाही म्हणायचं नाही, त्यांना एक गोष्ट दोनदा विचारायची नाही, त्यांच्या हातात पिशवी राहू द्यायची नाही, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलेलो. माझी बायको माधवी हसते. "अरे ते स्पेनचे आहेत. त्यांना काय माहीत तू पडत्या बाजूचा ते?"

"मला माहितीय ना," मी म्हटलं.

त्यामुळे गुरुवारी, म्हणजे ते आले त्या संध्याकाळी, जेवताना एमिलियो माझ्याकडे वळून साधारण दोन मिनिटं बोलले तेव्हा मी मध्ये तोंड उघडलं नाही. त्यातला तिसरा हिस्सा मला कळला: रुजुता, बाळ, मे महिना, घर. बाकीचं परत विचारणं बरं दिसलं नसतं. मी "सी, सी" (हो, हो) म्हटलं. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी मला मिठी मारली. माधवी पोळ्या घेऊन बाहेर आली. "काय म्हणाले?"

"जेवण आवडलं म्हणाले," मी सांगितलं.

शुक्रवार-शनिवार त्यांचे झोपेत गेले. रविवार मी फिरण्यासाठी आणि अकरा वाक्यांसाठी ठेवला होता.

रिक्षा आधी कांजूरमार्गला आली. वारा खाडीकडून होता, आणि कचरा डेपोचा वास सरळ आत. मी रस्ता मुद्दाम हायवे टाळून आतला घ्यायला लावला होता, तरी तो आलाच. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "साहेब, पाहुणे बाहेरचे दिसतात. काच असती तर वर केली असती, पण आपल्याकडे काचच नाही."

मी एमिलियोंकडे पाहून "पेर्दोन" (माफ करा) म्हटलं. त्यांनी हात हलवला आणि सांगितलं, की त्यांच्या बंदरात ऑगस्टमध्ये माशांची आतडी साचतात तेव्हा याहून वाईट वास येतो. हे सांगताना त्यांनी नाक धरून डोळे असे फिरवले की रिक्षावाला हसला. त्यांनी नाक मुरडलं असतं तर मला बरं वाटलं असतं. घरी जाऊन माधवीला सांगायला काहीतरी मिळालं असतं.

जोगेश्वरीच्या लेण्यांशी नऊच्या सुमाराला पोचलो. वरून पाहिलं तर लेणी दिसत नाहीत. चहूबाजूंनी घरं, दोरीवर कपडे, आणि मधेच जमिनीत उतरणाऱ्या पायऱ्या. मी त्या मोजायला लागलो, पण एमिलियो मधेच काहीतरी विचारायला लागले आणि आकडा हुकला. आत गार अंधार होता. छताला ओल, कुठे कुठे पाणी टपकत होतं. खांबांच्या रांगेमधून लांबवर देवीपुढचा दिवा दिसत होता. एमिलियोंनी न सांगता बूट काढले. देवीपाशी गेल्यावर पुजाऱ्याने त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली, तर त्यांनी ती निम्मी मोडून मला दिली. माझ्याच देवीचा प्रसाद मला त्यांच्या हातून मिळाला.

जागा शांत होती. मी मनात म्हटलं, आता. "एमिलियो," मी सुरुवात केली, "रुजुता..."

ते माझ्याकडे वळले आणि दाराच्या दगडी पट्टीवर त्यांचं कपाळ जोरात आपटलं.

रक्त आलं नाही, पण बोटभर लांब लाल वळ उठला. माझ्या जबाबदारीवर आणलेल्या व्याह्याचं कपाळ फुटता फुटता राहिलं होतं. मी रुमाल ओला करून दिला. ते स्वतःच हसत म्हणाले, "आय के मिरार" (बघायला पाहिजे). मला त्यातलंही खटकलं. ते सगळीकडे 'आय के' वापरत: जेवायला पाहिजे, झोपायला पाहिजे, बघायला पाहिजे. कुणाचंच नाव नाही. माझ्या अकरा वाक्यांपैकी नऊ 'तेनेर के'ची होती आणि त्या नवांमध्ये रुजुताचं नाव होतं.

तिथून अंधेरीमार्गे वर्सोव्याच्या कोळीवाड्यात पोचायला पन्नास मिनिटं लागली. गल्ली संपते आणि एकदम खाडी दिसते: नावा, निशाणं, आणि बांबूंवर ओळीने वाळत घातलेले बोंबील. एमिलियो तिथे असे उभे राहिले जसा एखादा माणूस बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या घरात उभा राहतो. टोपली घेऊन बसलेल्या एका बाईंपाशी ते उकिडवे बसले आणि एकेक मासा उचलून त्याचे कल्ले उघडून बघायला लागले. मी लांबूनच विचारलं, "ताजे आहेत ना?"

"तुमचा पावना बघतंय ना उघडून," बाई म्हणाल्या. "त्याला विचारा की! तुम्ही लांबून काय वास घेताव? म्हावऱ्याला (मासळीला) हात लावल्याशिवाय कलते काय?"

आजूबाजूच्या दोघी हसल्या. "पावना कोन तुमचा?" एकीने विचारलं.

"व्याही."

"अगं बाय! मंग बरा हाय व्याही. तुमच्यापेक्षा कामाचा."

ती गंमत होती हे मला कळतं. तरी लागलं.

पुढे एका नावेचं इंजिन उघडून दोन तरुण खोळंबले होते. एमिलियो वाकून बघायला लागले, मग एकाच्या हातातला पाना घेतला, मग बाह्या वर केल्या. मी पिशवी धरून धक्क्यावर उभा. बत्तीस वर्ग केलेल्या माणसाला 'पाना' या शब्दाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात हे माहीत नव्हतं, आणि एक वर्गही न केलेल्या त्या पोरांना तो शब्द लागत नव्हता. एकेचाळीस मिनिटं गेली. इंजिन धडधडलं तेव्हा पोरं ओरडली, "मामा, एक नंबर!" एमिलियोंचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते आणि ते पहिल्या दिवसापासून इतके खूश दिसले नव्हते. मला माझी मुलगी त्यांच्याकडून गाडी शिकताना कशी दिसत असेल, ते अगदी स्पष्ट दिसलं.

नावेच्या पोरांनी चहा मागवला. आम्ही दोघं धक्क्याच्या कडेला बसलो. आता मी थांबलो नाही.

"रुजुता तिएने के बेनीर आ कासा," मी म्हटलं. (रुजुताला घरी यावं लागेल.)

"सी, सी," एमिलियो म्हणाले. "बाळाला घेऊन. डिसेंबरमध्ये. सगळेच येऊ."

"नाही. आधी. मार्चमध्ये. बाळ इथे."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पण कोन्सुएग्रो," ते म्हणाले. कोन्सुएग्रो म्हणजे व्याही. इंग्रजीत नसलेला हा शब्द त्यांच्याकडे आहे, ही एक गोष्ट मला त्या भाषेत आवडली होती. "पण कोन्सुएग्रो, गुरुवारी तुम्ही हो म्हणालात."

मी माझाही ग्लास खाली ठेवला.

मग त्यांनी सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. त्यांना रुजुतानेच पाठवलं होतं. बाळ तिकडेच व्हावं अशी तिची इच्छा होती. मला सांगायची तिची हिंमत होत नव्हती. गुरुवारी जेवताना त्यांनी हेच विचारलं होतं, तुमची परवानगी आहे का, आणि मी दोनदा हो म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी त्यांनी तिला कळवलं होतं. त्यांनी फोन काढला, काळ्या बोटांनी स्क्रीन पुसली आणि रुजुताने त्यांना पाठवलेला व्हॉइस मेसेज लावला.

माझी मुलगी स्पॅनिशमध्ये बोलत होती, भरभर, आणि रडत होती. मधेच हसत होती. 'माझे वडील हो म्हणाले' हे मला कळलं. ते तिने तीनदा म्हटलं. मग एक वाक्य आलं: "या नो तेंगो के एस्कोंदेर नादा." मी ते परत लावायला सांगितलं. 'आता मला काही... करावं लागणार नाही.' सगळं वाक्य हातात होतं, फक्त क्रियापद कळत नव्हतं.

"एस्कोंदेर?" मी विचारलं.

एमिलियोंनी डोक्यावरची टोपी काढली आणि पाठीमागे धरली. मग रिकामा हात माझ्यापुढे उघडून दाखवला.

आता मला काही लपवावं लागणार नाही.

समोर नाव निघाली होती. पोरं हात हलवत होती, एमिलियोंनीही हलवला. मग त्यांनी सांगितलं, की बाळ येईल तेव्हा इग्नासिओ खोलीत हवा, एवढंच तिचं म्हणणं आहे. इथे आली तर त्याला एवढी रजा मिळत नाही. "रुजुता झाली तेव्हा तुम्ही कुठे होतात?" त्यांनी विचारलं. त्यात खोच नव्हती. खरोखर माहीत नव्हतं म्हणून विचारलं.

मी इथे होतो. माधवी चिपळूणला तिच्या माहेरी होती. मी सव्वीस वर्षांचा. नोकरी नवी, रजा मिळाली नाही. पोचलो चौथ्या दिवशी, सासरवाडीला पाहुणा जातो तसा. पाटावर बसवून मला चहा दिला आणि नंतर मुलगी दाखवली. वजन दोन किलो सातशे पन्नास ग्रॅम. ते मला हॉस्पिटलच्या कार्डावरून कळलं. आयुष्यभर लोकांनी केलेली वजनं मी पुन्हा करून बघत आलो. ते एक तसंच मान्य केलं.

"कुआत्रो दीआस," मी म्हटलं. (चार दिवस.)

एमिलियोंनी मान हलवली. "मी खोलीत होतो," ते म्हणाले. मग दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, मागे पडल्यासारखं केलं. बेशुद्ध पडले होते. नर्सना बाळ सोडून आधी त्यांना उचलावं लागलं होतं. ते पोट धरून हसत होते. मलाही हसू आलं, पण मनात आलं ते असं, की मला बेशुद्ध पडायचीसुद्धा संधी मिळाली नव्हती.

"मग आता तिला काय सांगू?" त्यांनी विचारलं. हसू गेलं होतं. मी नाही म्हटलं तर ते तसंच कळवतील आणि रुजुता मुकाट्याने येईल, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. कारखान्यात चुकून बरोबरची खूण झाली तर मी स्वतः जाऊन ती खोडतो. चहा संपेपर्यंत मी विचार केला.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "मी हो म्हणालोय."

परतताना वर्सोवा ते घाटकोपर मेट्रोने आलो. रविवार दुपार, बसायला जागा मिळाली. काचेतून अंधेरीच्या इमारतींचे तिसरे-चौथे मजले जात होते: गच्चीतल्या कुंड्या, पत्रे, पाण्याच्या टाक्या. एमिलियो झोपले आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. कपाळावरचा वळ निळा पडायला लागला होता. घाटकोपरला त्यांना उठवून रिक्षात बसवलं. मुलुंडपर्यंत एकूण अठ्ठेचाळीस किलोमीटर झाले.

घरी ते हात धुवायला गेल्यावर मी माधवीला सगळं सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"झाला असेल महिना."

"म्हणजे सासऱ्याला माहीत, आईला माहीत. मीच कोण तो परका?"

"ओरडू नको रे, पाहुणे ऐकतायत."

"त्यांना कळत नाही मराठी!"

"ओरडलेलं कळतं," माधवी म्हणाली. मग एक शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "तू ती अकरा वाक्यं आरशासमोर म्हणायचास ना, मी आतून ऐकायचे. मला एक शब्द कळत नव्हता, पण सगळी सारखीच वाटायची. तिला वाटलं, तू रडशील. मला वाटलं, तू भांडशील. कोण सांगणार?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "चिपळूणला ते चार दिवस मी दाराकडे बघत होते. ते तुला कधी सांगितलं नाही, कारण तशीच पद्धत होती."

संध्याकाळी सातला, तिकडे दुपारचे अडीच वाजले असताना, रुजुताचा फोन आला.

"बाबा, तू खरंच हो म्हणालास?"

"म्हणालो."

"स्वतःहून?"

"जेवताना. दोनदा."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एमिलियो म्हणतो..." आणि थबकली.

"बोल ना. काय म्हणतो?"

"तुम्ही दोघं एप्रिलच्या शेवटी या. राहा भरपूर. आईला स्वयंपाकघर मोकळं करून देतो म्हणतो."

"व्हिसावर नव्वद दिवस राहता येतं," मी म्हटलं. "त्याच्यापेक्षा जास्त नाही."

"मग नव्वद दिवस या ना यार!" ती म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "बाबा, फोन जरा एमिलियोला दे ना."

माझ्याशी ती चार मिनिटं बोलली. एमिलियोंशी अकरा. त्यांनी तिला लेण्यातलं कपाळ सांगितलं, इंजिन सांगितलं, टोपलीवाल्या बाई सांगितल्या. हावभावांवरून कळत होतं. ती तिकडे खदखदून हसत होती. मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच उभा राहिलो आणि जेवढं कळेल तेवढं ऐकत राहिलो. हेवा गेला, असं मी लिहिणार नाही. गेलेला नाही.

नंतर जेवताना मी एमिलियोंना विचारलं, त्यांच्या गावच्या हॉस्पिटलात आजोबांना कुठे बसवतात. इग्नासिओ आत असेल. आम्ही दोघं बाहेर, कॉरिडॉरमध्ये. खुर्च्या आहेत का? आहेत, ते म्हणाले, भिंतीला लागून, एका ओळीत. किती? त्यांनी आठवून सांगितलं, सहा. दार कुठल्या टोकाला उघडतं? त्यांनी चमचा आणि मीठदाणी मांडून दाखवलं.

दार उघडून बाळाला बाहेर आणतील तेव्हा जो सगळ्यांत जवळ बसला असेल, त्याच्या हातात ते आधी जाणार. बाकी सगळं मी त्यांना सोडलेलं आहे. दाराजवळची खुर्ची मी सोडणार नाही.